कडी आधी, घर नंतर

काटकोनरावांनी कडी आधी घेतली आणि घर नंतर बांधायला काढलं. ऐकून कुणाला खरं वाटणार नाही, पण झालं ते असंच.

हार्डवेअरच्या दुकानात ते गेले होते नळाची तोटी आणायला. तिथे काचेच्या कपाटात त्यांना एक पितळी कडी दिसली. वीतभर लांब, जाडजूड, सरकवली की 'खटाक्' करून घट्ट बसणारी. काटकोनरावांनी ती एकदा सरकवून पाहिली. मग परत एकदा. चौथ्यांदा खटाक् झालं तेव्हा दुकानदाराने विचारलं, "दार केवढं आहे साहेब?" तेव्हा कुठे त्यांच्या लक्षात आलं की आपल्याकडे दारच नाही. दार नाही, कारण दार लावून बसायला स्वतःची खोली नाही. तरी ते कडी घेऊनच घरी आले. (तोटी राहिलीच. ती दुसऱ्या दिवशी बायकोने आणली, आणि बसवलीही तिनेच.)

काटकोनराव हे अर्थातच त्यांचं खरं नाव नव्हे. ते पाणीपुरवठा खात्यात तक्रारींच्या टेबलावर बसत, आणि त्यांच्या टेबलावरची प्रत्येक फाईल टेबलाच्या कडेला अशी नेमकी लावलेली असे की शेजारच्याने गंमत म्हणून एखादी जरा तिरकी केली, तर ते चहा अर्धा टाकून ती आधी सरळ करत. नाव पडायला एवढं पुरतं.

तर खोली. लहानपणी सहा भावंडांत यांची गादी पडायची बोळात, आणि पाणी प्यायला उठणारा प्रत्येकजण यांना ओलांडून जायचा. लग्न झालं, दोन खोल्यांचं भाड्याचं घर झालं. एका खोलीत आई, दुसऱ्या खोलीत उरलेलं सगळं जग. पेपर उघडून कुठे टेकावं तर आईचा आवाज यायचाच, "अरे, सरक तिथून." कधी झाडायचं असायचं, कधी कपाट उघडायचं असायचं, कधी काहीच नसायचं, नुसती सवय. सत्तेचाळीस वर्षांच्या आयुष्यात काटकोनराव इतक्या वेळा सरकले होते, की एकाच दिशेने सरकत राहिले असते तर एव्हाना समुद्राला लागले असते.

म्हणून जेव्हा गावाबाहेरच्या प्लॉटवर घर बांधायचं ठरलं, तेव्हा त्यांनी इंजिनियरच्या नकाशात कोपऱ्यातली आठ बाय आठची 'अडगळ' पेन्सिलने खोडली आणि तिथे बारीक अक्षरात 'माझी' असं लिहिलं. बाकी घर कसंही होवो. हॉल तिरका झाला तरी चालेल (हे काटकोनराव म्हणत होते, बरं का!), पण ती खोली पाहिजे, तिला दार पाहिजे आणि त्या दाराला आतून कडी पाहिजे. कडी तर खिशातच होती. ऑफिसात कुणी फार डोकं खाल्लं की ते खिशात हात घालून ती हळूच चाचपून पाहत.

आता, घर बांधायला काढलेल्या माणसाला सल्ला मागावा लागत नाही. तो आपोआप येतो. ऑफिसात एक गृहस्थ होते, त्यांनी तीन वर्षांपूर्वी घर बांधलं होतं आणि तेव्हापासून ते दुसरं काही बोललेच नव्हते. सगळे त्यांना 'अनुभवी' म्हणत. अनुभवींनी काटकोनरावांना कँटीनच्या कोपऱ्यात गाठलं.

"कागदावर सगळी घरं चांगलीच दिसतात," अनुभवी म्हणाले. "तुम्ही काय करा, पाया खणायच्या आधी प्लॉटवर चुन्याच्या फक्कीने अख्खं घर आखून घ्या. खऱ्या मापात. आणि एक पूर्ण रविवार त्या घरात राहा."

"फक्कीच्या घरात?"

"बायको, मुलं, आई, सगळ्यांना घेऊन. दारातूनच यायचं, दारातूनच जायचं. जे जे टोचेल ते तिथल्या तिथे बदलायचं. फक्की पायाने पुसता येते हो, वीट पुसता येत नाही."

सल्ला चांगला होता. अगदी लाखमोलाचा होता, आजही कुणी घर बांधत असेल तर मी हेच सांगेन. फक्त तो काटकोनरावांना द्यायला नको होता.

शनिवारी संध्याकाळी गवंडीमिस्त्रींनी सुतळी ताणून, खुंट्या ठोकून फक्की टाकून दिली. प्रत्येक खोलीला दाराच्या जागी तीन फूट रेघ मोकळी सोडलेली. मिस्त्री म्हणाले, "साहेब, काय हलवायचं ते उद्या हलवा. परवा सकाळी माझी माणसं कुदळी घेऊन येणार. मी फक्की बघून खणतो, कागद बघून नाही. मला कागदातलं कळत नाही आणि कागदवाल्याला मातीतलं."

रविवारी सकाळी आठ वाजता टेम्पोतून काटकोनराव, बायको, आई आणि बारा वर्षांची लेक उतरले. सोबत स्टोव्ह, भांडी, आईची खाट, चार खुर्च्या आणि उरलेल्या फक्कीची पिशवी. काटकोनरावांनी सगळ्यांना समोर उभं करून नियम सांगितले. आई नियम ऐकत होती तोवर तिला सावली दिसली, आणि ती सरळ हॉलच्या भिंतीतून चालत निघाली.

"आई! भिंत!"

आई जागच्या जागी थबकली. "कुठे?"

"पायाखाली बघ. तू भिंतीत उभी आहेस."

"अरे देवा," म्हणत आईने पाऊल मागे घेतलं. मग तिचं तिलाच हसू आलं. "आणि दार कुठेय रे?"

"व्हरांड्याला वळसा घालून. तिकडून."

"एवढ्या लांब? मग कशाला बांधलीस इथे भिंत?"

"अजून बांधलेली नाही, आई."

"नाही ना? मग जाऊ दे की मला!"

पण काटकोनराव ऐकतात थोडेच. आई वळसा घालून आत आली, आणि येताना तिने हॉलच्या दाराला तोंडाने 'कर्रर्र' असा आवाज केला. म्हणाली, तेल घाला याला. लेक हसून हसून लोटपोट झाली.

तासाभराने बायको स्वयंपाकघरात स्टोव्हपाशी बसली. काड्यापेटीची पिशवी राहिली होती हॉलमध्ये, तिच्या उजव्या हातापासून जेमतेम दीड हातावर. तिने हात लांब केला.

"भिंतीतून हात जात नसतो," काटकोनराव म्हणाले.

बायकोने त्यांच्याकडे एकदा पाहिलं. मग ती उठली, मागच्या दाराने बाहेर गेली, व्हरांड्यातून हॉलमध्ये आली, काड्यापेटी घेतली आणि तशीच परत गेली. एक्केचाळीस पावलं. तिने ती मोठ्याने मोजली.

"अहो, मी रोज शंभरदा अशी फिरणार? आणि आत वळायलाही जागा नाही. हे टोचतंय हं मला."

टोचतंय म्हटल्यावर काटकोनरावांचा इलाज चालेना. हॉलमध्ये एक दार काढलं, आणि स्वयंपाकघर दोन फूट वाढवलं. ते वाढणार कुठे? दुसऱ्या बाजूला 'माझी' होती. आठ बाय आठची खोली सहा बाय आठ झाली. काटकोनरावांनी स्वतःच्या पायाने जुनी रेघ पुसली आणि स्वतःच्या हाताने नवी ओढली, तीही एकदम सरळ.

मग आईची खाट लावली. ती दाराला अडायला लागली. (न दिसणाऱ्या दाराला खाट अडते की नाही यावर अर्धा तास वाद झाला, तो आईने जिंकला.) आणखी दोन फूट गेले. मग लेक तिच्या खोलीत अभ्यासाला म्हणून आडवी झाली, तर तिचे पाय बाहेर, थेट बाबांच्या खोलीत.

"पाय जवळ घे ना," काटकोनराव काकुळतीला येऊन म्हणाले.

"आज घेईन बाबा, पण मी अजून वाढणार आहे," लेक म्हणाली. काटकोनरावांनी आणखी दोन फूट पुसले.

दुपारी जेवणं होईपर्यंत काटकोनरावांच्या खोलीचं माप उरलं होतं चार बाय सहा. खुर्ची टाकली की गुडघे भिंतीला लागत. पण होती! अजून होती. जेवण झाल्याबरोबर ते पेपर घेऊन तडक आपल्या खोलीत गेले आणि खुर्चीत बसले.

"अरे, सरक जरा तिथून," आई खाटेवरून म्हणाली. "वारा अडतोय माझा."

काटकोनरावांनी पेपर वर केला. मध्ये नऊ इंची भिंत असताना वारा अडायचा प्रश्नच येत नव्हता, आणि ऐकू यायचा तर मुळीच नाही.

"याला काय झालं गं? बोलत का नाही?"

"खोलीत आहेत ते," बायको म्हणाली.

"दिसतोय की इथून!"

तेवढ्यात लेक गणिताची वही घेऊन आत आली. म्हणे दार उघडंच होतं. तिच्यामागून बायको मोकळा डबा घेऊन आली, कारण तिला तो कुठेतरी ठेवायचा होता आणि दार उघडं होतं. मग एक कुत्रं आलं. ते दारातूनच आलं, नियमाप्रमाणे, त्यामुळे त्याला काही बोलताही येईना.

काटकोनरावांनी दाराकडे पाहिलं. रेघेत तीन फुटांची मोकळी जागा. उघडं दार म्हणतात ते हेच. सत्तेचाळीस वर्षं हेच चाललं होतं. ते उठले, कुत्र्याला बाहेर काढलं, पिशवीतून मूठभर फक्की घेतली आणि ती मोकळी जागा या टोकापासून त्या टोकापर्यंत नीट भरून टाकली. दार बंद. मग खिशातली पितळी कडी काढून त्या रेघेवर आडवी ठेवली आणि तोंडाने म्हणाले, "खटाक्."

आणि काय आश्चर्य! कुणीच आत येईना. दहा मिनिटांनी बायको आली, ती रेघेशी थांबली. तिने इकडेतिकडे पाहिलं, मग हवेत बोटं आपटून तोंडाने म्हणाली, "टक टक."

"कोण?" काटकोनराव म्हणाले.

जन्मात पहिल्यांदा त्यांनी 'कोण' असं विचारलं होतं. तो शब्द त्यांनी हळूच एकदा स्वतःशीच परत म्हणून पाहिला. खरंच पाहिला, खोटं कशाला सांगू? बायको म्हणाली, "काही नाही, चहा हवाय का ते विचारायला आले होते, नंतर येते," आणि ती चक्क निघून गेली. काटकोनरावांनी पेपर तोंडावर घेतला आणि उन्हातल्या त्या चार बाय सहाच्या जागेत ते गाढ झोपले.

ते घोरत असताना मिस्त्री चहाच्या वेळेला डोकावले आणि हॉलच्या भिंतीतून सरळ आत आले. लेक ओरडली, "काका, आपटलात तुम्ही!" चाळीस घरं बांधलेले मिस्त्री बिचारे दचकून कपाळाला हात लावून बघायला लागले.

"मिस्त्री, एक विचारू?" बायको चहा गाळत म्हणाली. "सकाळपासून बघतेय, या घरात पाण्याची टाकी कुठेय हो?"

मिस्त्रींनी चौफेर नजर फिरवली. "जमिनीखाली एक टाकी तर लागणारच, बाई. साहेब तर पाण्याच्याच खात्यात आहेत. त्यांनी काहीतरी योजलं असेल."

"त्यांना विचारते उठल्यावर. आत्ता दार लावून झोपलेत."

मिस्त्रींनी मान लांब करून कोपऱ्यात पाहिलं, चहा संपवला आणि गेले.

पाच वाजता टेम्पोवाल्याने हॉर्न वाजवायला सुरुवात केली. त्याला दुसरं भाडं होतं. एकच धांदल उडाली. काटकोनराव दचकून उठले, कडी खिशात कोंबली, खुर्ची उचलली आणि घाईघाईत भिंत ओलांडून धावले. दिवसभर सगळ्यांना दारातून फिरवणारा माणूस स्वतः भिंत ओलांडून गेला! आणि दार? ते बंदच राहिलं.

टेम्पोत बायकोने विचारलं, "अहो, टाकीचं काय?"

पाणीपुरवठा खात्यात बावीस वर्षं काढून काटकोनराव टाकी विसरले होते. पण कबूल कोण करतो? "माझ्या लक्षात आहे," ते ऐटीत म्हणाले. "मी बघतो."

सोमवारपासून ऑफिसात तपासणी लागली आणि काटकोनरावांना मान वर करायला फुरसत मिळेना. बुधवारी मिस्त्रींचा फोन आला.

"साहेब, कोपऱ्यातलं ते चार बाय सहाचं, ते पण फक्कीप्रमाणेच घ्यायचं ना?"

"फक्कीप्रमाणेच!" काटकोनराव खुर्चीतून उठले. "एक इंच कमी करायचं नाही. सगळ्यात आधी तेच घ्या. आणि भक्कम करा मिस्त्री, बाहेरचा आवाज आत येता कामा नये."

"आवाज काय घेऊन बसलात साहेब? थेंब झिरपायचा नाही!"

काटकोनराव फोन ठेवून स्वतःशीच हसले. माणूस जरा बढाया मारतो, पण कामाचा आहे, असं त्यांना वाटलं.

पुढच्या रविवारी सगळे प्लॉटवर गेले. पायाचे चर व्यवस्थित खणलेले होते. काटकोनराव कुणासाठी न थांबता थेट कोपऱ्याकडे गेले, आणि जाता जाता एकदम थांबले. अजून एक पाऊल पुढे टाकलं असतं तर आतच गेले असते. समोर चार बाय सहाचा, पुरुषभर खोल, विटांनी बांधलेला आणि आतून गुळगुळीत गिलावा केलेला खड्डा होता. चारी कोपरे अगदी काटकोनात.

"मिस्त्री," त्यांनी खड्ड्याकडे बोट केलं, "हे काय?"

"टाकी!" मिस्त्री अभिमानाने म्हणाले. "कशी झालीय?"

"इथे… इथे तर खोली होती ना माझी!"

"खोली कुठली साहेब? खोलीला दार असतं. मी चारचारदा फिरून बघितलं, सलग रेघ. कुठेही तुटलेली नाही. चार बाय सहा आणि चारी बाजूंनी बंद, म्हणजे टाकीच की! बाई विचारतच होत्या त्या दिवशी. आणि म्हणूनच मी फोन करून खात्री केली. तुम्हीच म्हणालात, आधी तेच घ्या."

काटकोनराव तोंड उघडणार, एवढ्यात मागून हुंदका ऐकू आला. बायको पदर डोळ्यांना लावून उभी होती.

"आई, बघा हो," ती म्हणाली, "यांनी स्वतःची खोली दिली टाकीला! त्या दिवशी मी नुसतं विचारलं, तर म्हणाले मी बघतो. आणि एका शब्दाने बोलले नाहीत मला."

आईने काटकोनरावांच्या पाठीवरून हात फिरवला. "लहानपणापासून असाच आहे हा. कधी स्वतःसाठी काही मागितलं नाही." लेकीने बाबांना मिठीच मारली.

आता तुम्हीच सांगा, अशा वेळी माणसाने काय करावं? बायको लग्नानंतर पहिल्यांदा त्यांच्याकडे अशा नजरेने पाहत होती. काटकोनरावांनी खिशातली कडी मुठीत गच्च आवळली आणि म्हणाले, "घर म्हटलं की… पाणी आधी." त्यांना मनातून रडायला येत होतं, पण ते सगळ्यांनी वेगळ्याच अर्थाने घेतलं.

घर झालं, छानच झालं. स्वयंपाकघरातून हॉलमध्ये चार पावलांत जाता येतं, आईची खाट दाराला अडत नाही, लेकीचे पाय खोलीत मावतात. टाकीवर स्लॅब पडला, दोन फुटांचं लोखंडी झाकण बसलं. आणि राहायला आल्यावर बायकोने काटकोनरावांना हाताला धरून तिथे नेलं. त्यांच्या खिशातून हळूच काढलेली पितळी कडी तिने झाकणावर बसवून घेतली होती, पुसून लख्ख केलेली. "तुम्ही एवढ्या हौसेने आणली होतीत ना?" काटकोनराव छान छान म्हणाले. कडी अर्थात बाहेरून होती.

वर्षभराने टाकी साफ करायची वेळ आली. झाकणाच्या भोकातून मावेल असं घरातलं मोठं माणूस एकच, काटकोनराव. बादली, ब्रश आणि बॅटरी घेऊन ते कुरकुरत शिडीने आत उतरले, आणि दोन मिनिटांत त्यांची कुरकुर थांबली. आत गारवा होता. आवाज नव्हता. मिस्त्रींनी शब्द पाळला होता, बाहेरचं काही म्हणजे काही ऐकू येत नव्हतं. काटकोनरावांनी बादली उपडी घातली, तिच्यावर बसले आणि चारी सरळ भिंतींकडे बघत राहिले. कुणी सरक म्हणालं नाही. त्या दिवशी टाकी धुवायला त्यांना पावणेतीन तास लागले.

तेव्हापासून टाकी दर महिन्याला धुतली जाते. खात्याचा तसा नियम आहे, असं काटकोनरावांनी घरात सांगितलंय. बायको शेजारणींना कौतुकाने सांगते, "आमच्याकडे पाण्याचं फार कडक आहे हो." ब्रशमध्ये गुंडाळून पेपर आत जातो हे कुणाला माहीत नाही.

गेल्या रविवारीही ते असेच आत बसले होते. पेपराचं चौथं पान चाललं होतं. एवढ्यात वरचा उजेड अचानक गेला. झाकण पडलं, आणि पाठोपाठ अगदी त्या दुकानातल्यासारखं, खणखणीत, 'खटाक्' झालं.

काटकोनराव क्षणभर सुखावले. मग कोपऱ्यातला पाइप गुरगुरला आणि पायाच्या बोटांना काहीतरी गार लागलं. ते बादलीवर चढले आणि झाकणावर खालून बोटांनी जोरात वाजवलं. टक टक.

"कोण?" वरून आईने विचारलं.

"मी! आई, मी आहे!"

"अरे, मग सरक तिथून," आई म्हणाली. "मी पाणी सोडलंय."